काठावरचे दोन घोडे

सिएटलला स्वेटर घालून विमानात बसले आणि फिनिक्सला उतरल्यावर तो पिशवीत कोंबला. जून महिना. विमानतळाबाहेरचं ऊन आमच्या वाशीमच्या मे महिन्यासारखं, घामसुद्धा जागच्या जागी वाळवणारं. मी निवृत्त पशुवैद्यक आहे. तेहतीस वर्षं जिल्ह्यातल्या गुरांच्या दवाखान्यांत काढली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मुलीकडे, तृप्तीकडे, आले होते. ती सिएटलजवळ बॉथेलला औषधांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. माझ्यासाठी तिने चार दिवसांची रजा काढली होती.

“आई, शेड्यूल एकदम पॅक आहे,” भाड्याच्या गाडीत बसताना ती म्हणाली. “ग्रँड कॅनियन, मग मॉन्युमेंट व्हॅली, मग बॅक. वाटेत गुरं दिसली म्हणून थांबायचं नाही, ओके?”

मी ओके म्हटलं.

ग्रँड कॅनियनबद्दल मी काही लिहीत नाही. तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाने लिहिलंय, आणि मी तिथे कठड्याला धरून तासभर गप्प उभी राहिले यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेकडे निघालो आणि नवाहो लोकांच्या प्रदेशात शिरलो. ते स्वतःला ‘दिने’ (नुसतं ‘माणसं’ असा अर्थ) म्हणतात. महाराष्ट्रातले कित्येक जिल्हे मावतील एवढी त्यांची भूमी. लाल माती, बुटकी झुडपं, आणि मैल दोन मैलांवर एखादं घर. प्रत्येक घराशेजारी निळी पिंपं मांडलेली होती. मी तृप्तीला विचारलं, ही पिंपं कसली?

“पाण्याची. इथे बऱ्याच घरांत नळ नाहीयेत, आई.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. पुढे रस्त्याकडेला एक पाणी भरायची जागा लागली आणि तिथे पिकअप गाड्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या पाठीवर पांढरी प्लास्टिकची टाकी. टँकरची वाट बघणारी गावं मी जन्मभर पाहिली आहेत. पण ती अमेरिकेत बघायला मिळतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यानंतर थोड्याच वेळात मला मेंढ्यांचा कळप दिसला आणि मी थांबायला सांगितलं. तृप्तीने कपाळाला हात लावला, पण गाडी कच्च्या रस्त्यावर घेतली. मेंढ्या निघून गेल्या. आमच्या मागच्या टायरमध्ये मात्र बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा घुसला. डिकीतली स्टेपनी सायकलच्या चाकाएवढी बारीक. तिच्यावर रडतखडत आम्ही जवळच्या गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांनीच तशी विनंती केली होती.

टायरच्या दुकानातले गृहस्थ म्हणाले, या मापाचा टायर उद्या दुपारी येईल. तृप्ती फोनवर बुकिंग कॅन्सल करत होती. मी अपराधी चेहऱ्याने दुकानाच्या भिंतीकडे वळले, आणि तिथेच खिळले.

पूर्ण भिंतभर जनावरं रंगवलेली होती. मेंढ्या, बोकड, एक कान फाटलेला कुत्रा, आणि मधोमध एक तांबडी घोडी. चित्रातलं मला फार कळत नाही. घोडीतलं कळतं. तिच्या शेपटीच्या बुडाशी मांस सैल पडलेलं होतं, पोट खाली उतरलेलं होतं, आणि दोन्ही सडांच्या टोकांवर मेणासारखा पिवळट थेंब होता. विण्याच्या एक-दोन दिवस आधी घोडीच्या सडांवर तो थेंब येतो. दवाखान्यात माझ्याकडे शिकायला आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचूनही तो कधी पाहिलेला नसतो.

“ही आज-उद्या विणार,” मी मराठीतच पुटपुटले, मग इंग्रजीत दुकानाच्या मालकांना सांगितलं.

उत्तर माझ्या मागून आलं. “मी तिला अशी पाहिली त्याच्या तिसऱ्या दिवशी व्याली. पहाटे.”

मागे साठीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. रुंद चेहरा, पांढरी वेणी, हातात टाकीचा पाइप. हे हर्बर्ट, दुकानदारांचे चुलतभाऊ. पिकअपमधून पाणी वाहून म्हाताऱ्या लोकांच्या घरी पोचवणं हा त्यांचा धंदा. भिंत त्यांनीच रंगवली होती. माझं इंग्रजी अडखळतं, पण त्यांचंही घाईचं नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. मी विचारलं, चित्रकला कुठे शिकलात?

“कुठेच नाही. पाणी भरायला रांगेत दोन-दोन तास जातात. पावत्यांच्या मागे काढत बसायचो. नंतर लोकांच्या घरचा उरलेला रंग मिळायला लागला.”

“आणि जनावरांची अंगरचना? स्नायू, हाडं?”

“बघितलं,” ते म्हणाले. एवढंच.

मी गुरांची डॉक्टर आहे हे कळल्यावर ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या सकाळी नऊला घरी या. आईच्या एका मेंढीचा पाय दुखतोय.”

रात्र मोटेलात काढून दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला, स्टेपनीवरच हळूहळू, आम्ही त्यांच्या घरी पोचलो, तर ते दारात उभे. “दहा वाजले,” ते म्हणाले. उन्हाळ्यात नवाहो भूमीचं घड्याळ बाकी ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. माझं मनगटावरचं घड्याळ फिनिक्सला लावलेलं, आणि तृप्तीचा फोन कुठल्या तरी दूरच्या टॉवरच्या भरवशावर. मी माफी मागितली. “सगळ्यांचं होतं,” ते म्हणाले, पण त्या तासात त्यांनी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं होतं, हे त्यांच्या आईने हातवारे करून आम्हाला सांगितलं.

आई ऐंशीच्या पुढच्या, काटक, फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या. हर्बर्ट त्यांना ‘शीमा’ (माझी आई) म्हणत. मीही म्हटलं, तेव्हा त्या हसल्या. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. मेंढीचा पाय बघितला; खुराच्या बेचक्यात सडलं होतं. शीमांनी मेंढी अशी बसवली की तिला हलता येईना, मी सुरीने खूर साफ केला, औषध कुठलं आणायचं ते तृप्तीने लिहून दिलं. शीमांना आणि मला एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तिची गरजही पडली नाही.

मग जेवण. निळ्या मक्याच्या पिठाची, जुनिपर झाडाची राख चिमूटभर घातलेली लापशी, अगदी आपल्या ज्वारीच्या आंबिलीसारखी, पण अळणी. मटणाचा पातळ रस्सा आणि तळलेली मोठी पुरी. तृप्तीने हळूच पर्समधून लोणच्याची पुडी काढली. शीमांनी ते चाखलं, डोळे मिटले, आणि पुडी स्वतःकडे ठेवून घेतली.

जेवण झाल्यावर हर्बर्ट आम्हाला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले.

आत घोडेच घोडे होते. प्लायवूडच्या तुकड्यांवर, जुन्या दारांवर, कपाटाच्या फळ्यांवर. प्रत्येक वेगळा. एकाच्या मानेवर चावल्याचा जुना वण, एकीच्या पुढच्या पायाला गाठ, एक म्हातारा, दात पुढे आलेला. मी चेहरे बघत पुढे सरकत होते. तीस-पस्तिसावर मोजणं सोडलं. एवढं जिवंत काम मी कुठल्या संग्रहालयातही पाहिलेलं नाही. मी अगदी आनंदात म्हणाले, “हा कळप मला बघायचाय. इथून लांब आहे का?”

हर्बर्ट म्हणाले, “आता नाही तो.” मग गाडीची किल्ली घेतली. “चला. जागा दाखवतो.”

अर्धा तास आम्ही रस्ता नसलेल्या जमिनीवरून गेलो. माती अडवून केलेलं एक तळं होतं, गुरांना पाणी पिण्यासाठी बांधतात तसं. पाण्याचा थेंब नव्हता. तळाला भेगा पडलेल्या आणि मधल्या भागावर पांढरा थर. दवाखान्यात असताना मेलेल्या गुरांच्या खड्ड्यांवर मी स्वतः पोतीच्या पोती चुना टाकून घेतलाय. तो थर मी ओळखला आणि काठावरच थांबले.

“इथेच आहेत?” मी विचारलं.

“इथेच.”

हर्बर्ट बांधावर बसले आणि त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी सलग दुष्काळ पडला होता. आजूबाजूची सगळी तळी आटली, हे शेवटचं. रानात मोकळे फिरणारे घोडे इथे यायचे. पाणी उरलं नव्हतं, खाली खोल गाळ होता. पुढचे घोडे ओलाव्याच्या वासाने आत शिरले आणि रुतले. मागचे त्यांच्या अंगावरून पुढे गेले आणि तेही रुतले. नंतर गाळ उपसून घोडे तिथेच पुरायला माणसं लागली. आलेल्यांत हर्बर्ट एक होते.

“आमच्यात मेलेल्याला हात लावत नाहीत,” ते म्हणाले. “माझ्यासाठी नंतर शुद्धीचा विधी झाला. त्याबद्दल बोलत नाही. पण त्यामुळे मी परत माणसांत आलो. मेलेल्यांचं चित्र मी काढत नाही. ते आधी कसे होते ते काढतो.” मग मला विचारलं, “तुम्ही डॉक्टर. तुम्हाला मेलेल्या जनावरांचं काही वाटत नाही?”

मी म्हणाले, “माझ्या आजोबांचं कामच ते होतं. गावातली मेलेली गुरं ओढून नेणं. जन्माने वाट्याला आलेलं. पुढे आमच्या वस्तीने ठरवून ते सोडलं. माझे वडील म्हणायचे, आपल्या घरातलं माणूस आता जिवंत गुराला हात लावेल. म्हणून मी डॉक्टर झाले.”

“तुमच्या आजोबांसाठी विधी कुणी केला?”

“कुणी नाही. उलट त्यांना कुणी विहिरीजवळ येऊ देत नव्हतं.”

हर्बर्ट काहीतरी त्यांच्या भाषेत बोलले आणि दोन्ही हातांनी त्यांनी आपली टोपी काढली. जन्मभर मी ही गोष्ट अनेकांना सांगितली आहे. लोक अवघडतात, विषय बदलतात, किंवा आता तसं राहिलं नाही म्हणतात. ‘त्यांना कुणी स्वच्छ केलं नाही?’ असा धक्का बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवून ते म्हणाले, “एक गोष्ट आहे. ती मी कुणा डॉक्टरला विचारलेली नाही.”

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. घोडे रुतले त्या दिवशी हर्बर्ट या बांधावरून गेले होते. टाकी काठोकाठ भरलेली होती. ते पाणी तीन म्हाताऱ्या माणसांचं होतं, त्यांच्या घरची पिंपं दोन दिवस कोरडी होती. घोडे चिखलात उभे दिसले. त्यांना वाटलं, निघतील. ते पुढे गेले. मग गाडी बिघडली, आणि ते इकडे परत आले ते चौथ्या दिवशी.

“मी थांबलो असतो तर ते वाचले असते का?”

तृप्ती पटकन म्हणाली, “सर, इट वॉज नॉट युअर फॉल्ट.” त्यांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

मी विचारलं, “त्या दिवशी नेमकं काय दिसलं ते आठवतं?”

आम्ही शेडमध्ये परतलो. सगळ्यांच्या मागून त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक फळी काढली. त्यांनी काढलेलं पहिलं मोठं चित्र. शीमांनाही त्यांनी ते दाखवलेलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि खाली बसले.

ते चित्र बघणं फार कठीण होतं. घोडे सगळे जिवंत होते. बहुतेक पोटापर्यंत गाळात. डोळे खोल गेलेले, भकाळ्या (बरगड्यांमागच्या कुशी) आत ओढलेल्या, माना खाली, कान बाजूला पडलेले. इतके दिवस पाण्यावाचून काढलेलं जनावर असं पोटापर्यंत रुतलं की त्याला बाहेर काढायला यंत्रं लागतात, माणसं लागतात, आणि तरी ते उभं राहत नाही. हर्बर्टनी काहीही वगळलं नव्हतं, आणि त्यामुळे मला त्या दिवसाची तपासणी करता येत होती. मी एकेकावर बोट ठेवत सांगितलं, हा नाही, ही नाही, हिचं आतडं थंडावलेलं असणार, हिला पाणी पाजलं असतंत तरी नाही. ते प्रत्येक वेळी मान हलवत होते.

मग डाव्या कोपऱ्याशी मी थांबले. काठाजवळ दोन तरुण घोडे होते. गुडघ्यांपर्यंतच रुतलेले. माना वर, कान पुढे, थेट चित्र बघणाऱ्याकडे वळलेले. म्हणजे हर्बर्टच्या गाडीकडे.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. मी उद्या निघून जाणार होते, आणि या माणसाने अनेक वर्षं पुरेसं भोगलं होतं. पण ते माझ्या बोटाकडे बघत होते, आणि ज्या माणसाने घोडीच्या सडावरचा थेंब पाहिला होता त्याला हे दोन कान दिसले नसतील असं मी समजणं म्हणजे त्यांचा अपमान होता.

“हे दोघे,” मी म्हणाले, “बहुतेक वाचले असते. पाणी आणि दोन फळ्या असत्या तर. नक्की नाही सांगता येत. पण बहुतेक.”

“आई,” तृप्ती मराठीत म्हणाली. “काय बोलतेयस तू? कशाला?”

हर्बर्ट खाली बसले. तोंड दोन्ही हातांत धरलं. मी काय करून बसले असं मला झालं.

मग ते बोलले. “सगळे म्हणतात, हर्बर्ट, एकही वाचला नसता. आई, भाऊ, ज्यांचं पाणी होतं तेसुद्धा. पण या दोघांचं मला माहीत होतं. लोक या दोघांबद्दल खोटं बोलत होते, म्हणून बाकीच्यांबद्दलही माझा विश्वास बसत नव्हता.” त्यांनी चित्रावरून हात फिरवला. “बाकीचे खरंच नाही ना?”

“बाकीचे नाही. ते मी शपथेवर सांगते.”

“मग दोन,” ते म्हणाले. “दोघांचं ओझं मी वागवू शकतो.”

थोड्या वेळाने त्यांनी कागद पुढे केला आणि विचारलं, रुतलेलं जनावर काढायचं कसं? चित्रकारासमोर मी घोडा काढला, आणि तो बघून त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले. मी समजावलं: दोर मानेला कधीच बांधायचा नाही, मान मोडते. रुंद पट्टा छातीमागून घ्यायचा. पायांच्या कडेने पाइप घालून पाणी सोडायचं म्हणजे गाळाची पकड सुटते. माणसाने फळीवर उभं राहायचं. आधी पाणी थोडंथोडं पाजायचं. तेवढ्यात टायर आल्याचा निरोप घेऊन दुकानदार भाऊ आले, तेही ऐकायला बसले. आम्ही निघालो तेव्हा दोघे शेडमधली फळ्यांची चळत उचलून पाहत होते. शीमांनी तृप्तीच्या हातात भाजलेल्या मक्याची पुरचुंडी दिली.

दुकानात नवा टायर बसवून आम्ही पुढे निघालो. मॉन्युमेंट व्हॅलीचे ते प्रचंड लाल सुळके दुरून दिसले आणि आम्ही न उतरताच फिनिक्सच्या रस्त्याला लागलो. मग तृप्ती म्हणाली, “तू रिस्क घेतलीस, आई. तो माणूस कोसळला असता.”

“हो,” मी म्हणाले.

बॉथेलला परतल्यावर तीन आठवडे मी रोज सकाळी तिला विचारायचे, काही मेसेज? ती नाही म्हणायची. चौथ्या आठवड्यात, मी भारतात परतायच्या दोन दिवस आधी, हर्बर्टचा फोन आला. शेजाऱ्यांची एक गाय दुसऱ्या एका तळ्यात रुतली होती. दोघा भावांनी फळ्या टाकून, टाकीतलं पाणी सोडून, अडीच तासांत तिला बाहेर काढलं. बाहेर आल्या आल्या तिने हर्बर्टच्या मांडीवर लाथ मारली. ते लंगडत होते आणि आनंदाने सांगत होते. त्या दिवशी एका म्हातारबुवांना पाणी उशिरा पोचलं, आणि ते खूप चिडले, हेही त्यांनी सांगितलं.

आता वाशीमला घरी आहे. लोक अमेरिकेचं विचारतात आणि मी ग्रँड कॅनियनचे फोटो दाखवते. पण एकटी असले की मला माझा दवाखाना आठवतो. म्हैस दगावली, बैल गेला, की माणसं यायची. ‘मॅडम, काल आणली असती तर?’ असं विचारायची. त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी म्हणायचे, तुमचा काही दोष नाही हो. रांगेत पुढचं जनावर उभं असायचं. ती माणसं मान हलवून निघून जायची, आणि त्यांना बरं वाटलं असं मी धरून चालायचे. त्यातले किती जण घरी जाऊन पुन्हा तोच हिशेब मांडत बसले असतील, हे मी तेहतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.